मोहाची पारख

इंग्लंडमधल्या हिअरफर्डशर किंवा सॉमरसेट परगण्यातल्या एखाद्या जुन्या बागेत लालबुंद सफरचंद दिसले म्हणून तोडून खाल्ले, तर पहिल्याच घासाला तोंड आवळून येते. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी कोरडी पडते, तशी ती पडते. हे फळ खाण्यासाठी लावलेलेच नसते. ते सायडरचे सफरचंद असते. त्याचा रस काढून, आंबवून जे सौम्य मद्य होते त्याला सायडर म्हणतात. खायला नको वाटणाऱ्या या फळात किती गुण दडलेले आहेत, हे ओळखायला इंग्रजांनी काही शतके खर्ची घातली.

या प्रकरणाचा विषय आहे मद्याची पारख. किती प्यावे, कोणाबरोबर प्यावे, याचा तो विचार नाही. पेल्यात जे आहे ते कोणत्या झाडाचे, कोणत्या हाताचे, त्यात काय नीट झाले आणि काय बिघडले, हे नाकाने आणि जिभेने ओळखण्याची ती विद्या आहे. सायडरच्या बाबतीत ती पूर्ण विकसित झाली आहे. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यातल्या म्हसावदच्या परिसरात, मोहाच्या फुलाच्या रूपाने तिचा तेवढाच समृद्ध विषय उभा आहे. त्याच्या वाट्याला मात्र पारख आली नाही, बंदी आली.

सालेच पाहा. १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहाच्या फुलांविषयी खास कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही फुले बाळगणे, नेणे-आणणे, विकणे यांवर त्याने निर्बंध घातले. नंतर अकराच वर्षांनी, १९०३ मध्ये, इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ लाँग अॅश्टन येथे फळे आणि सायडर यांच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. राज्य एकच होते. एका झाडाच्या फळाला प्रयोगशाळा मिळाली, दुसऱ्या झाडाच्या फुलाच्या मागे पोलीस लागले. मोहाच्या मद्याबद्दल बोलायला आज आपल्याकडे 'कडक' आणि 'पहिल्या धारेची' यापलीकडे फारसे शब्द नाहीत, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

सफरचंदाचे चार वर्ग

लाँग अॅश्टनच्या संस्थेत बी. टी. पी. बार्कर या शास्त्रज्ञाने सायडरच्या सफरचंदांची विभागणी केली. त्याने रसातल्या दोनच गोष्टी मोजल्या : आम्लता आणि टॅनिन, म्हणजे आंबटपणा आणि तुरटपणा. आम्लता ०.४५ टक्क्यांच्या वर की खाली आणि टॅनिन ०.२ टक्क्यांच्या वर की खाली, एवढ्यावरून चार वर्ग पडले. दोन्ही कमी असतील तर फळ गोड; आम्लता जास्त आणि टॅनिन कमी असेल तर आंबट; टॅनिन जास्त आणि आम्लता कमी असेल तर कडू-गोड; दोन्ही जास्त असतील तर कडू-आंबट. 'डॅबिनेट' ही कडू-गोड वर्गातली नावाजलेली जात, तर 'किंग्स्टन ब्लॅक' कडू-आंबट वर्गातली. किंग्स्टन ब्लॅकच्या रसात सगळे गुण इतके तोलून आलेले असतात की अनेक जण त्या एकाच जातीचा सायडर करतात. एरवी निरनिराळ्या वर्गांतल्या फळांचा मेळ घालावा लागतो.

पारंपरिक पद्धतीत फळे शरदात पिकून जमिनीवर पडू देतात किंवा झाड हलवून पाडतात. मग ती ठेचतात, लगदा कापडाच्या किंवा गवताच्या थरांत रचून दाबतात आणि निघालेला रस लाकडी पिंपात भरून ठेवतात. फळांवर आणि पिंपाच्या लाकडात वावरणारी जंगली यीस्ट थंडीभर हळूहळू काम करतात. वसंतात जिवाणूंची दुसरी प्रक्रिया होते आणि रसातले तीव्र मॅलिक आम्ल मवाळ लॅक्टिक आम्लात बदलते. असा सायडर चाखणारा आधी रंग पाहतो, मग वास घेतो, मग आंबट, गोड आणि तुरट यांचा तोल पाहतो आणि शेवटी घोट उतरल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहतो. नैर्ऋत्य इंग्लंडच्या जुन्या सायडरला कधी लवंगेचा, धुराचा, तर कधी थेट घोड्याच्या पागेचा वास येतो. तो बेताने असेल तर जाणकारांना तो आवडतो.

या पेयाची काळी बाजूही तिथल्या लोकांनी नोंदवून ठेवली आहे. शेतमजुरांना मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपात देण्याची रीत इंग्लंडमध्ये दीर्घकाळ होती. १८८७ च्या कायद्याने ती बंद केली. घाम गाळणाऱ्याला पैशाऐवजी नशा देणे हा अन्याय आहे, हे कायद्याला मान्य करावे लागले. मोहाकडे वळताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

झाडाखाली

म्हसावद शहादा तालुक्यात आहे. गावाच्या दक्षिणेला तापीच्या खोऱ्यातली काळीभोर जमीन, तिच्यावर ऊस, केळी, पपई आणि कापूस. उत्तरेला सातपुड्याची भिंत. तोरणमाळ आणि धडगावकडे जाणारी वाट इथूनच डोंगराला लागते. त्यामुळे खाली राहणारा शेतकरी आणि वर राहणारा पावरा-भिल्ल यांची गाठ या गावात पडते. अहिराणी, गुजरी, भिली आणि पावरी इथे रोज कानावर येतात.

डोंगरातल्या माणसाच्या वर्षात महूचा, म्हणजे मोहाचा, हंगाम पक्का ठरलेला. फाल्गुन-चैत्रात झाडाची जुनी पाने झडतात आणि जवळजवळ निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके लटकतात. फूल रात्री उमलते आणि पहाटेपासून त्याचा पाकळ्यांचा भाग गळू लागतो. हा भाग पिवळसर पांढरा, मांसल, रसाने टच्च भरलेला असतो. उजाडायच्या आत बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढले की गुरे आणि मुंग्या वाटेकरी होतात. वटवाघळांनी रात्रीच आपला वाटा घेतलेला असतो, आणि जिथे अस्वले आहेत तिथे तीही येऊन गेलेली असतात.

या वेचणीत निसर्गाची एक मोठी सोय आहे. गळतो तो फक्त पाकळ्यांचा भाग. बीजकोश फांदीवरच राहतो आणि त्याचे पुढे फळ होते. म्हणून फुले वेचल्याने फळ कमी होत नाही. त्याच झाडाच्या बियांपासून उन्हाळ्याच्या अखेरीस तेल मिळते. झाड तोडावे लागत नाही, फांदी वाकवावी लागत नाही. धोका एकच : फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि कधी कधी ती आग जंगलात शिरते. झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरले तर आगही टळते आणि फूलही मातीला लागत नाही.

ताज्या फुलात बहुतांश पाणी असते. उन्हात चार-पाच दिवस वाळले की फूल तांबूस-तपकिरी होते, मनुक्यासारखे आकसते आणि त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा उरतो. हे फूल आधी अन्न आहे, मग मद्य. ते भाजून, शिजवून, पिठात मिसळून खातात, आणि दुष्काळात त्याने माणसे जगवली आहेत. धडगावच्या डोंगरात आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर करतात, त्याच ओट्यांवर त्याआधी मोह वाळत असतो.

ताज्या फुलाचा वास एकदा घेतला की विसरत नाही. तो गोड आहे, जड आहे, आणि त्यात शिजत्या भाताची एक छटा आहे. ही छटा भास नाही. आंबेमोहोर आणि बासमती तांदळाला ज्या द्रव्यामुळे सुगंध येतो, ते २-असिटाइल-१-पायरोलीन नावाचे द्रव्य मोहाच्या फुलात सापडले आहे. वाघ झाडांवर जो वासाचा फवारा मारून आपली हद्द आखतो, त्यातही ते आढळते. सायडर करणाऱ्यांना मात्र हे द्रव्य आणि त्याची भावंडे नकोशी वाटतात, कारण जिवाणूंमुळे ती सायडरमध्ये तयार झाली की घोट गिळल्यानंतर तोंडात उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव येते आणि पिंप टाकून द्यावे लागते. एका पेयातला दोष दुसऱ्या पेयाच्या फुलात सुगंध ठरतो. कोणताही वास स्वतः चांगला किंवा वाईट नसतो; तो कुठे आणि किती, यावर सगळे ठरते. पारखीचा हा पहिला धडा.

हंडा आणि धार

फुलांपासून मद्य करणे आपल्याकडे फार जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात फुलांच्या दहा आसवांची यादी आहे. तिच्यात मधूक, म्हणजे मोह, आणि धातकी, म्हणजे धायटी, ही दोन्ही आहेत. धायटीच्या फुलांचा उपयोग आयुर्वेदातली आसवे आंबवायला आजही होतो.

सातपुड्यातली रीत थोडक्यात अशी. वाळलेली फुले पाण्यात भिजत घालतात. जंगली यीस्ट साखरेवर तुटून पडते, हंड्यात बुडबुडे येतात आणि काही दिवसांनी शांत होतात. उन्हाळ्यात हे लवकर होते, थंडीत जास्त दिवस लागतात. इथपर्यंत सायडर आणि मोह यांचा प्रवास एकच आहे. मग वाटा फुटतात. सायडर तसाच पितात. मोहाचा आंबवलेला काढा चुलीवर चढवून त्याची वाफ थंड करतात आणि जी धार पडते ती दारू.

पारखीच्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे. साखर, टॅनिन आणि मॅलिकसारखी आम्ले यांची वाफ होत नाही. ती हंड्यातच राहतात. म्हणजे ज्या गोड-आंबट-तुरट तोलावर सायडरचे सगळे शास्त्र उभे आहे, तो तोल मोहाच्या मद्यात नसतोच. तरीही मोहाचा चांगला घोट गोड का वाटतो? त्यात साखरेचा कण नसतो, पण फुलांचे सुगंधी अंश वाफेबरोबर आलेले असतात, आणि त्या वासाने मेंदूला गोडीची आठवण होते. म्हणून सायडरचा नकाशा उचलून मोहावर बसवता येत नाही. मोहाचा नकाशा वासाच्या दिशांनीच काढावा लागतो.

आता ती प्रसिद्ध पहिली धार. गावात तिला मान आहे, कारण ती सर्वांत कडक असते. जाळावर टाकली की भपका उठतो आणि लोक माना डोलावतात. पण भपक्यावरून फक्त कडकपणा कळतो, शुद्धता कळत नाही. विषारी मिथेनॉलही तसाच पेट घेते. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळते, पण असिटाल्डिहाइडसारखी काही द्रव्ये त्याआधीच वाफ होऊन येतात. त्यांना झोंबरा, नखांवरचा रंग काढण्याच्या द्रवासारखा वास असतो. म्हणून प्रशिक्षित कारागीर धारेचा अगदी सुरुवातीचा भाग बाजूला काढतो, मधला भाग ठेवतो आणि शेवटचा, ओलसर कुबट वासाचा भाग पुन्हा वेगळा करतो. तेव्हा जिला मान द्यायचा ती मधली धार.

नाक, पाणी, घोट

पारख करायची तर परवानाधारक कारखान्यातले, लेबल असलेले मद्यच घ्यावे. महाराष्ट्रात घरी दारू गाळणे गुन्हा आहे आणि अशा मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे. यामागे जिवाचे कारणही आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बेकायदा भट्ट्यांत नवसागर, काळा गूळ, युरिया काहीही पडते, आणि तिथे मोहाचे नाव फक्त सांगायला उरते. सायडरमध्येही सगळेच शुद्ध नसते : ब्रिटनच्या करनियमानुसार फळाचा ३५ टक्के रस असला तरी पेयाला सायडर म्हणता येते. जाणकार मात्र निव्वळ रसाचा सायडर शोधतात. मोहातही निव्वळ फुलांचे मद्य आहे का, हा पहिला प्रश्न.

तोंडाशी निमुळता होणारा छोटा पेला घ्यावा. त्यात दोन-तीन चमचेच ओतावे. बर्फ घालू नये, थंडीने वास मरतो. पेला नाकाखाली एकदम नेऊ नये. हनुवटीपाशी धरून तोंड किंचित उघडे ठेवून श्वास घ्यावा, म्हणजे अल्कोहोलची झिणझिणी नाकाला बधिर करत नाही.

पहिल्या वासात फूल शोधावे : ओले, जड, भाताच्या वाफेची छटा असलेले. दुसऱ्यात वाळवण शोधावे : मनुका, खजूर, किंचित गूळ. फुले नीट वाळली असतील तर हे वास स्वच्छ येतात. पावसात सापडून बुरशी धरली असेल तर ओल्या गोणपाटाचा वास येतो आणि तो कशानेच लपत नाही. तिसऱ्यात आग शोधावी. लाकडावर गाळलेल्या मद्यात धुराची रेघ असते. बेताची असेल तर ती फुलाला उठाव देते, जास्त झाली तर फुलावर बसते. शेवटी दोष तपासावेत : सिरक्याचा वास आला तर हंड्यात आंबवण लांबले आणि हवा शिरली, झोंबरा वास आला तर सुरुवातीची धार काढली नाही.

मग थेंब थेंब पाणी घालावे. पाण्याने मद्य मवाळ होते आणि अल्कोहोलने दाबलेले वास वर येतात. मोहाचे फूल बहुधा या टप्प्यावर उलगडते. आता छोटा घोट जिभेवर फिरवावा. सुरुवातीची गोडी, मधली ऊब आणि शेवटची किंचित कडवट शेपूट, या तिन्ही वेगवेगळ्या कळायला हव्यात. शेपूट स्वच्छ आणि लांब असेल तर मद्य चांगले. मध्य भारतात वनाधिकारी असलेल्या जेम्स फॉरसिथने १८७१ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे की नीट केलेली, मुरलेली मोहाची दारू आयरिश व्हिस्कीच्या वळणावर जाते. म्हणजे १८९२ च्या कायद्याच्या आधीच एका इंग्रजाच्या जिभेने तिला दाद दिली होती.

आदिवासी घरात या सगळ्याच्या आधी एक कृती होते. पेल्यातले चार थेंब जमिनीवर सांडले जातात, देवांसाठी आणि पूर्वजांसाठी. गुजरातच्या सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याला याहा मोगी या देवीची महाशिवरात्रीला जत्रा भरते, तिथे नंदुरबारचे लोक मोठ्या संख्येने जातात आणि देवीला मोहाची दारू वाहतात. जे देवाला द्यायचे ते चांगले असले पाहिजे, ही गुणवत्तेची सर्वांत जुनी कसोटी इथे आहे.

फुटलेले हंडे

मोहाची पारख सांगणाऱ्याने शहादा-तळोद्याचा दुसरा इतिहास वगळला, तर ती पारख अर्धवट राहील. १९२२-२३ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली देवीची चळवळ डांग, दक्षिण गुजरात आणि खानदेशाच्या सीमेपर्यंत पोचली; दारू सोडा हा तिचा पहिला आदेश होता. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी हाच उपदेश केला. त्यांच्या आरतीला डोंगर-दऱ्यांतून हजारो लोक जमत. दारू सोडायची आणि एकमेकांना 'आप' म्हणून मान द्यायचा, ही त्यांची शिकवण. १९३८ मध्ये ते गेले, पण 'आप की जय' हा घोष या भागात टिकून आहे.

नंतर १९७२ च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते भूमिहीन भिल्लांना संघटित करू लागले. जमिनी गेल्या होत्या, मजुरी तुटपुंजी होती. त्या चळवळीतल्या बायकांनी स्वतःहून दारूचा प्रश्न हातात घेतला. त्या गावोगाव गेल्या, गुत्त्यांवर चालून गेल्या, हंडे फोडले आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला.

त्यांनी हंडे फोडले ते मोहाच्या फुलावर राग होता म्हणून नव्हे. ती फुले त्यांनीच वेचली होती. ज्या विक्रीच्या दारूने घरातला पैसा, धान्य आणि इज्जत ओढून नेली, तिच्यावर तो घाव होता. सणाला, देवाला, पाहुण्याला दिलेला पेला आणि रोज संध्याकाळी गुत्त्यावर रिकामी होणारी मजुरी यांतला फरक त्या बायकांना नेमका कळला होता. सायडरची मजुरी बंद करणाऱ्या इंग्रजी कायद्यालाही तोच कळला होता. जो हा फरक करत नाही त्याला कितीही वास ओळखता आले तरी त्याची पारख कच्चीच.

आता काय करायचे

गेल्या काही वर्षांत वारे फिरले आहे. २०१८ मध्ये गोव्यात डेस्मंड नाझरेथ यांच्या कंपनीने मोहाचे मद्य बाटलीत आणले. मध्य प्रदेशाने पारंपरिक मद्य म्हणून मोहाला कायदेशीर जागा दिली आणि आदिवासी बचतगटांना ते करण्याची मुभा दिली. त्या राज्यातला अलीराजपूर जिल्हा नर्मदेपलीकडे, धडगावच्या समोरच आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले, आणि डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीचे मोहाचे मद्य दुकानांत आले. गोव्याच्या काजू फेणीला तर २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

पण बाटली महाग झाली म्हणून फूल वेचणाऱ्या बाईला भाव मिळेल, असे आपोआप होत नाही. त्यासाठी पारख उगमापर्यंत जावी लागते. कोणत्या झाडाचे फूल जाड, कोणाचे गोड, कोणाचे लवकर काळवंडणारे, हे वेचणाऱ्यांना ठाऊक असते. हे ज्ञान लिहून काढले, झाडांना नावे दिली, रसातली साखर मोजली, स्वच्छ वाळवलेल्या फुलाला वेगळा दर ठरवला, तर बार्करने सफरचंदासाठी जे केले ते मोहासाठी होईल. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी दिली आहे, आणि मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकारही दिला आहे. म्हणजे फुलाची किंमत ठरवणे आणि गुत्ता नको म्हणणे, ही दोन्ही कामे एकाच ग्रामसभेच्या हातात आहेत.

लाँग अॅश्टनसारखी एखादी छोटी संस्था म्हसावदला का असू नये? डोंगरातले फूल इथे उतरते, त्या फुलाची भाषा बोलणारी माणसे इथे भेटतात. तिथे कामाला पहिल्यांदा बोलवायचे ते चाखणाऱ्यांना नव्हे, वेचणाऱ्यांना. मोहाच्या गुणदोषांची पहिली यादी त्यांच्याच शब्दांत लिहिली गेली पाहिजे.